हात एकाचा, तोंड दुसऱ्याचे

परभणीला महिन्यातून एकदा, रविवारी दुपारी, आमचा अभ्यासवर्ग भरतो. वीस-पंचवीस माणसे जमतात. कॉलेजची मुले, काही शिक्षक, दोन-चार जुने कार्यकर्ते आणि अलीकडे गंगाखेड, पालम, पूर्णा या भागांतल्या ग्रामपंचायतींवर निवडून आलेल्या काही भगिनी. मागच्या पावसाळ्यात कायद्याच्या वर्गात शिकणाऱ्या एका मुलाने तिथे एक साधा प्रश्न विचारला. कंपनीचा भागधारक सभेला स्वतः न जाता आपल्या जागी दुसऱ्याला पाठवून मत देऊ शकतो, मग आमदाराला ते का करता येत नाही? तो आजारी असेल, ती बाळंत असेल, तर मतदारसंघातल्या लाखो माणसांचे मत त्या दिवशी वाया का जावे?

मी तीस वर्षे नागरिकशास्त्र शिकवले आहे. मी ताबडतोब उत्तर दिले, घटनेत तशी तरतूद नाही. हे मास्तरी उत्तर झाले. तरतूद नाही हे त्या मुलालाही माहीत होते. ती का नाही, हे त्याला हवे होते. तेवढ्यात मागे बसलेल्या एका पंचायत सदस्य बाईंनी विचारले, "सर, आमच्या सभेत बोलतेत ते मालक, हात वर करते मी. मंग हे कंपनीवानी झालं का आमदारावानी?" त्या प्रश्नाने मी खरा अडलो. हा लेख म्हणजे त्या दिवशी मला न सुचलेले उत्तर आहे.

प्रथम कंपनीचे पाहू. आपल्या लोकांना कंपनी म्हटले की नोकरी देणारे किंवा नोकरीवरून काढणारे एक फाटक आठवते. फाटकाच्या आत कंपनी कुणाच्या मालकीची असते, हा विचार आपण क्वचितच करतो. भांडवलाचे लहान लहान समान भाग पाडलेले असतात, ते घेणारा तो भागधारक. महत्त्वाचे निर्णय भागधारकांच्या सभेत मतदानाने होतात आणि त्या मतदानाचा साधारण नियम असा, की जितके भाग तितकी मते. शंभर भाग असलेल्याची शंभर मते, लाख भाग असलेल्याची लाख. म्हणजे तिथे माणूस मत देत नाही, पैसा मत देतो. माणूस फक्त त्या पैशाचा हात असतो.

एकदा हे मान्य केले की तो हात कुणाचा आहे याला फारसे महत्त्व उरत नाही. म्हणून २०१३ च्या कंपनी कायद्याच्या १०५ व्या कलमाने भागधारकाला आपल्या जागी दुसरा माणूस नेमण्याचा हक्क दिला आहे. त्यालाच प्रॉक्सी म्हणतात. हा दुसरा माणूस स्वतः भागधारक असलाच पाहिजे असे नाही. सभेच्या नोटिशीतच हा हक्क ठळकपणे छापावा लागतो. भागधारकाने लेखी आणि सहीनिशी नेमणूक करायची आणि तो कागद कंपनीकडे पोचवायचा. सभेच्या ४८ तासांपेक्षा आधी तो दाखल करा, अशी सक्ती कंपनीला करता येत नाही. नेमणूक केव्हाही मागे घेता येते. आलेले प्रॉक्सीचे कागद, रीतसर आधी कळवून, इतर भागधारकांना पाहता येतात. कंपनीच्या खर्चाने निवडक भागधारकांना 'अमुक माणसालाच प्रॉक्सी नेमा' असे सांगत फिरले तर कायद्याने दंड होतो. आणि कुणी एकच माणूस सारी सभा खिशात घालून बसू नये म्हणून नियमांनी मर्यादा घातली आहे. एका माणसाला जास्तीत जास्त ५० भागधारकांची प्रॉक्सी घेता येते, आणि त्या सगळ्यांचे भाग मिळून मताधिकार असलेल्या भांडवलाच्या दहा टक्क्यांवर जाता कामा नयेत.

मला सर्वांत अर्थपूर्ण वाटली ती आणखी एक अट. प्रॉक्सीला सभेत बोलण्याचा हक्क नाही. हात वर करून मते मोजायची असतील तर त्यातही तो धरला जात नाही. भागांच्या हिशेबाने रीतसर मतदान घेतले गेले तरच त्याचे मत. म्हणजे तो मुका असतो. दुसऱ्याने सोपवलेली मते तो टाकतो आणि निघून जातो. चर्चा करणे, प्रश्न विचारणे, समोरच्याचे म्हणणे पटवून घेणे किंवा खोडून काढणे, यांपैकी काहीही त्याच्याकडे सोपवता येत नाही.

आता मोठ्या कंपन्यांत मतदान संगणकावर आले आहे. कोरोनाच्या साथीत, २०२० साली, सभा दूरदृश्य पद्धतीने घेण्याची मुभा मिळाली, तेव्हा भागधारक स्वतःच घरबसल्या हजर राहू शकतो म्हणून तशा सभांतून प्रॉक्सीची सोय काढून टाकली गेली. हेही ध्यानात घेण्यासारखे आहे. माणूस स्वतः येऊ शकत असेल तर पैशाच्या सभेलासुद्धा त्याच्या जागी दुसरा नको असतो. (एक जाता जाता. आपल्या विम्याच्या हप्त्यांतून आणि भविष्यनिर्वाह निधीतून कंपन्यांचे भाग घेतले जातात. त्या भागांची मते आपल्या नावाने नव्हे, तर निधी सांभाळणाऱ्या संस्थांच्या नावाने पडतात. अशा अर्थाने आपल्यापैकी पुष्कळ जण कंपन्यांचे मुके मालक आहेत. पण तो स्वतंत्र विषय आहे.)

आता विधिमंडळ. संसदेसाठी घटनेचे १०० वे कलम आणि राज्यांसाठी १८९ वे कलम सांगते, की सभागृहातले प्रश्न हजर राहून मतदान करणाऱ्या सदस्यांच्या बहुमताने सुटतील. 'हजर' हा शब्द तिथे शोभेसाठी घातलेला नाही. सभागृहात आधी चर्चा होते आणि मग मत. ज्याने ऐकलेच नाही त्याचे मत मोजायचे, तर चर्चा कशासाठी? आमदार हा त्याच्या मतदारांच्या लाख मतांची थैली घेऊन येणारा हमाल नाही. तिथे त्याचे मत एकच, आणि तेही स्वतः बसून ऐकून दिलेले.

इंग्लंडच्या उमरावांच्या सभागृहात पूर्वी प्रॉक्सी चालत असे. शिकारीला किंवा दूरच्या वाड्यावर गेलेला उमराव आपले मत दुसऱ्या उमरावाकडे ठेवून जाई. १८६८ साली त्यांनीच ती प्रथा बंद केली. ज्या सभागृहात माणूस जन्माने येऊन बसतो, जमीनदारीच्या जोरावर बसतो, तिथे प्रॉक्सी शोभून दिसते. कारण तिथेही माणसापेक्षा त्याची मालमत्ताच मत देत असते. लोकांनी निवडलेल्या ब्रिटिश कॉमन्स सभागृहाने मात्र प्रॉक्सी आणली ती २०१९ साली, आणि तीही नुकत्याच बाळंत झालेल्या सदस्यांसाठी व नव्या आईबापांसाठी. अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाने साथीच्या काळात, मे २०२० पासून, सदस्यांना सहकाऱ्यामार्फत मत देऊ दिले. एका सदस्याला दहांपेक्षा जास्त जणांची मते घेता येत नव्हती, आणि प्रत्येक मत मूळ सदस्याच्या लेखी आदेशाप्रमाणेच द्यावे लागे. जानेवारी २०२३ मध्ये ती सोय संपली. बाळंत आमदाराबद्दलचा आमच्या विद्यार्थ्याचा प्रश्न तेव्हा अगदीच भाबडा नव्हता. माझे स्वतःचे मत असे, की बाळंतपणापुरती तशी सोय आपल्याकडेही विचारात घ्यायला हरकत नाही. पुरुषांनी पुरुषांसाठी बांधलेल्या सभागृहात 'हजर' या शब्दाचा अर्थही पुरुषांच्या शरीरावरून ठरलेला असतो.

आपल्या महाराष्ट्रात हजेरीची किंमत काय असते हे जून २०२२ मध्ये सर्वांनी पाहिले. राज्यसभेच्या आणि मग विधान परिषदेच्या निवडणुकीत आमदारांची मते हवी होती. मुक्ता टिळक आणि लक्ष्मण जगताप हे दोन आमदार गंभीर आजारी असतानाही पुण्याहून रुग्णवाहिकेने मुंबईला आणले गेले. परिषदेच्या मतदानात त्यांनी दुसऱ्याची मदत घेतली म्हणून काँग्रेसने हरकत घेतली आणि मतमोजणी रखडली. निवडणूक आयोगाने हरकत फेटाळली. अनिल देशमुख आणि नवाब मलिक तेव्हा कैदेत होते. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचे ६२ वे कलम कैदेतल्या माणसाला निवडणुकीत मत देऊ देत नाही, म्हणून या दोन्ही निवडणुकांत त्यांना मत देता आले नाही. पण त्याच महिन्याच्या २९ तारखेला, विधानसभेतल्या विश्वासदर्शक मतदानासाठी, सर्वोच्च न्यायालयाने त्यांना सभागृहात जाण्याची परवानगी दिली. (मुख्यमंत्र्यांनी त्याच रात्री राजीनामा दिल्याने ते मतदान झाले नाही.) माणूस स्ट्रेचरवरून आणतील, पोलीस बंदोबस्तात आणतील, पण त्याचे मत पाकिटात घालून आणणार नाहीत.

हा आग्रह आपल्या दृष्टीने का मोलाचा आहे, ते नीट समजून घेतले पाहिजे. १९१९ साली साउथबरो समितीपुढे साक्ष देताना बाबासाहेबांनी हाच मुद्दा मांडला होता. कायदेमंडळात केवळ मतांचे प्रतिनिधित्व होऊन भागत नाही, माणसांचे प्रतिनिधित्व झाले पाहिजे, हे त्यांच्या मांडणीचे सार. अस्पृश्यांचे हित आम्हीही पाहू, असे म्हणणारे सज्जन त्या काळात पुष्कळ होते. ते सारे आपले बिनकागदाचे प्रॉक्सीच. न नेमलेले, न काढता येणारे आणि वर बोलण्याचा हक्कही त्यांचाच. आमच्या मराठवाड्यात तर निजामाचे राज्य १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत होते. माझ्या आजोबांनी आयुष्यातले पहिले मत टाकले ते पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत, म्हातारपणी. तोवर त्यांच्या वतीने कोण कोण बोलून गेले असतील याची त्यांना खबरही नव्हती.

मतदाराच्या बाबतीत आपला कायदा प्रॉक्सीला एकच दार उघडतो. २००३ सालापासून सशस्त्र दलांतल्या जवानाला आपल्या मतदारसंघात राहणाऱ्या कुणाला तरी प्रॉक्सी नेमता येते. तो जाऊन मत देतो आणि शाई त्याच्या डाव्या हाताच्या मधल्या बोटाला लावतात, कारण तर्जनी त्याच्या स्वतःच्या मतासाठी राखलेली असते. पुढे परदेशात राहणाऱ्या भारतीयांनाही अशी सोय द्यावी असे विधेयक ऑगस्ट २०१८ मध्ये लोकसभेने मंजूर केले. राज्यसभेत ते झाले नाही आणि २०१९ मध्ये लोकसभा विसर्जित होताच बारगळले.

त्या वेळी आमच्यातल्या काही कार्यकर्त्यांनी विचारले, की दुबईच्या माणसासाठी एवढी धडपड आणि ऊसतोडीला गेलेल्या माणसासाठी काहीच नाही? प्रश्न रास्त आहे. २० नोव्हेंबर २०२४ ला विधानसभेचे मतदान झाले तेव्हा दिवाळी उलटून गेलेली होती आणि आमच्या भागातले कितीतरी कोयते कारखान्यांच्या वाटेला लागले होते. घरी म्हातारी आणि लेकरे. पण ऊसतोड्याला प्रॉक्सीचा हक्क दिला तर प्रॉक्सी कोण होईल, हे ज्याने उचल घेतली आहे त्याला विचारा. मुकादम होईल. उचलीच्या कागदावर अंगठा घेतानाच मताच्या कागदावरही घेतील. ज्याच्यावर कर्ज आहे त्याची प्रॉक्सी म्हणजे सावकाराचे जादा मत. म्हणून त्या माणसाला जिथे तो आहे तिथे मत देता आले पाहिजे, अशी मागणी करावी. त्याच्या वतीने कुणी द्यावे, अशी करू नये.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. माझे वडील गावच्या सोसायटीचे सभासद होते. सहकारी संस्थेत कंपनीसारखे नसते. तिथे भाग कितीही असोत, माणशी एक मत. आणि १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याचे २७ वे कलम स्पष्ट सांगते, की ते मत जातीने हजर राहून द्यायचे, प्रॉक्सीमार्फत नव्हे. १९७२ च्या दुष्काळात वडील आणि आई दोघेही खडी फोडायच्या कामावर होते. दोन वर्षांनी आमच्या नावावर न घेतलेल्या कर्जाची थकबाकी निघाली. मी तेव्हा नुकताच शिकून बाहेर पडलेलो. सोसायटीत जाऊन प्रोसिडिंग बुक पाहायला मागितले. पुष्कळ फेऱ्या घातल्यावर ते पाहायला मिळाले. ज्या दिवशी वडील खडीवर होते त्या दिवशीच्या वार्षिक सभेत त्यांची हजेरी होती, नावापुढे अंगठा होता, आणि कर्जवाटपाचा ठराव सर्वानुमते मंजूर होता. वडिलांना मी तो अंगठा दाखवला. ते बराच वेळ त्याच्याकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "असंल बाबा, माहाच असंल." स्वतःचा अंगठा स्वतःला ओळखता येत नाही, याचाच त्या मंडळींना भरवसा होता. ते कर्ज आम्ही फेडले.

म्हणजे कायद्याने जिथे प्रॉक्सी बंद केली आहे तिथे ती बंद झालेली नाही. फक्त तिच्यावरचे सगळे निर्बंध उठले आहेत. कंपनीच्या प्रॉक्सीला कागद लागतो, सही लागते, मुदत लागते, पन्नासाची मर्यादा असते, ती मागे घेता येते. वडिलांच्या त्या अंगठ्याला यांतले काही लागले नाही.

विधिमंडळातही एक प्रकारची उलटी प्रॉक्सी आली आहे, तिचा उल्लेख केला पाहिजे. १९८५ च्या ५२ व्या घटनादुरुस्तीने दहावी अनुसूची आली. पक्षादेशाविरुद्ध मत दिले किंवा मतदानापासून दूर राहिले, तर सदस्यत्व जाऊ शकते. आमदार-खासदारांचा बाजार थांबावा हा तिचा हेतू होता, आणि तो हेतू मी चूक म्हणणार नाही. पण राखीव जागेवर निवडून आलेला आपला माणूस, एखादा कायदा आपल्याच लोकांच्या मुळावर येणारा असताना, शरीराने हजर असतो आणि मत पक्षाचे टाकतो. हात त्याचाच, हजेरी त्याचीच. निर्णय दुसरीकडे झालेला. मात्र पक्षादेश उघड असतो, आणि तो मोडायचा असेल तर सदस्यत्वाची किंमत मोजून मोडता येतो. अशी किंमत मोजणारे किती निघाले हे वाचकांनी आठवून पाहावे.

आता त्या बाईंच्या प्रश्नाकडे येतो. ७३ वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ पासून अमलात आली, आणि महाराष्ट्राने २०११ साली पंचायतींत स्त्रियांसाठी निम्म्या जागा राखून ठेवल्या. जागा आल्या, बायका निवडून आल्या, आणि त्यांच्याबरोबर त्यांचे नवरे, दीर, सासरेही कार्यालयात येऊन बसले. पंचायत राज मंत्रालयाने यावर २०२३ साली समितीही नेमली. पण मला वाटते, या प्रकाराला 'प्रॉक्सी सरपंच' म्हणतात ते नावच चुकीच्या माणसाला लागले आहे. प्रॉक्सी कोण आहे? मूळ भागधारक घरी असतो, प्रॉक्सी सभेला जातो, मुकाट मत टाकतो. इथे निवडून आलेली बाई सभेला जाते, मुकाट हात वर करते. बोलतो तो नवरा, ज्याला मताचा हक्कच नाही. कंपनीतला परका माणूस हाताने मत देतो आणि तोंड बंद ठेवतो. पंचायतीतला परका माणूस तोंड चालवतो आणि हात बायकोचा वापरतो. म्हणजे जी गोष्ट कुणालाही सोपवता येत नाही असे कंपनी कायदासुद्धा म्हणतो, नेमकी तीच, बोलण्याची, गावात सोपवली गेली आहे. पैशाच्या सभेत जेवढी लाज राखली जाते तेवढीही इथे राखली जात नाही.

आपल्या वस्तीतल्या कार्यकर्त्यांनी यावर हसू नये. वरच्या आळीतल्या सरपंचबाईच्या नवऱ्यावर आपण विनोद करतो आणि आपल्या वस्तीतून राखीव जागेवर निवडून आलेल्या बाईच्या शेजारची खुर्ची आपल्याच कार्यकर्त्याने अडवलेली असते. चळवळीसाठी म्हणून अडवलेली असते, एवढाच फरक.

हे सगळे मी पुढच्या वर्गात सांगितले. बाईंनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "मालकाला येऊ नका म्हणलं तर घरात भांडण. मंग मी काय करू, तेवढं सांगा." मी म्हणालो, "ताई, त्यांना येऊ द्या. पण सही करण्याआधी मागच्या सभेचे इतिवृत्त मोठ्याने वाचून दाखवायला सांगा आणि त्याची नक्कल मागा."

दोन महिन्यांनी त्या नक्कल घेऊन आल्या. कॅरीबॅगमध्ये चार घड्या घालून ठेवलेली होती. कायद्याच्या त्या मुलाने ती वाचली. तीन ठरावांपुढे अनुमोदक म्हणून बाईंचे नाव होते. त्यातला एक ठराव समाजमंदिरापुढच्या मोकळ्या जागेचा होता. ती जागा गोदामासाठी देण्याचे ठरले होते. त्याविषयी सभेत एक शब्दही निघाला नव्हता, असे त्या म्हणाल्या. नवऱ्यालाही माहीत नव्हते. तोच त्यांना घेऊन आला होता, दाराशी उभा होता, आणि पहिल्यांदाच गप्प होता.

मुलाने तिथेच बसून गटविकास अधिकाऱ्यांच्या नावे अर्ज लिहिला. बाईंनी तो एकदा वाचून घेतला, एक वाक्य बदलायला लावले आणि सही केली. अर्जाची पोच मिळाली आहे. उत्तर अजून आलेले नाही.